कुंकवाचा ठराव झाला, आता पासबुकाचा पण घ्या : राज्यातल्या सरपंच आणि ग्रामसेवकांना खुलं पत्र

नमस्कार सरपंच, उपसरपंच, मेंबर मंडळी, ग्रामसेवक भाऊसाहेब (तुमचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय हे माहितीये, पण गावात अजून कुणाच्या तोंडात बसलेलं नाही) आणि ग्रामसभेत मागं उभं राहून हात वर करणारे सगळेच,

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. १७ मेला सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं, मग हातकणंगल्यातल्या माणगावनं केलं, नंतर कितीतरी गावांनी केलं. मला त्याचं मनापासून बरं वाटलेलं, आजही वाटतं. कुणी म्हणतं काय फरक पडतो, त्यांनी एकदा त्या दिवशी त्या घरात बसून बघावं मग बोलावं.

पण मी काम करते बँकेत. बँक सखी म्हणून. म्हणजे बचत गटातलीच बाई, जिला बँकेच्या शाखेत एक खुर्ची मिळते आणि गटाचे फॉर्म, केवायसी, पासबुक प्रिंट, कुणाला अंगठा लागत नाही, कुणाचा ओटीपी येत नाही असली सगळी कामं तिच्याकडं येतात. आणि नवरा गेलेल्या बाया पण येतात, बहुतेक वेळा फार उशिरा. ठराव झालेल्या गावातलीच एक जण आली होती, कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, एकदम नीट. नवरा जाऊन दोन वर्षं होऊन गेलेली. सोबत त्याचं जुनं पासबुक होतं, त्यात दर मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले. तिला वाटत होतं बँकेचा काहीतरी चार्ज असंल. खातं तर दिराने केव्हाच बंद करून आणलं होतं, उरलेली शिल्लक तिच्या हातात ठेवली होती, आणि खातं बंद करताना त्या ४३६ बद्दल ना तिकडच्या माणसानं एक शब्द काढला ना घरच्यांनी विचारलं.

ते ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा. दोन लाखाचा. माणूस कशानंही जाऊ दे, आजारानं, हार्ट अटॅकनं, दोन लाख. त्याच्या खाली २० रुपये कापलेले दिसले तर तो अपघात विमा, त्याचे वेगळे दोन लाख. म्हणजे वर्षाला ४५६ रुपयांत अपघातात गेलेल्या माणसाच्या मागं चार लाख येऊ शकतात, आणि हे कळायला फक्त पासबुकाची शेवटची दोन पानं वाचता यायला लागतात. ते वाचणारं कुणी त्या तेरा दिवसांत त्या घरात नसतं. मंडप, स्वयंपाकाची भांडी, दहाव्याला किती माणसं, कावळा शिवला का नाही, याचं सगळं प्लॅनिंग होतं.

आता हे पत्र बँकांना न लिहिता तुम्हाला का, तर त्याला कारण आहे. गावात माणूस गेला की २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करायची असते आणि ती नोंद तुमच्याच कार्यालयात होते. बँकेला कळत नाही. तलाठ्याला कळतं पण निवांत. विमा कंपनीला तर कुणी जाऊन सांगितल्याशिवाय कळतच नाही, तहसील तर लांबच राहिलं. सरकारी म्हणता येईल अशा सगळ्या ऑफिसांत पहिल्यांदा तुम्हाला कळतं, रजिस्टर तुमच्या कपाटात, सही-शिक्का तुमचा. तिच्या पुढच्या सगळ्या धावपळीचा पहिला कागद, मृत्यूचा दाखला, तुम्ही देता आणि विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमचं काम खरं तिथून सुरू व्हायला पाहिजे.

सुरुवात नावापासूनच करा. नोंद द्यायला येतो पुतण्या किंवा शेजारचा, तो सांगतो "दत्तू अमुक तमुक", तुम्ही लिहिता दत्तू. आधारवर दत्तात्रय, पासबुकात दत्ता, पीएफला आणखी तिसरंच स्पेलिंग. मग बँक म्हणते हा माणूस तोच कशावरून, अॅफिडेव्हिट आणा, नोटरी करा, गॅझेट करा (मेलेल्या माणसाच्या नावाचं गॅझेट करायला सांगणारे पण भेटलेत मला, काय बोलायचं). नोंद करताना समोर आधार कार्ड ठेवून लिहा, बायकोचं नाव तिच्या आधारप्रमाणे लिहा, एवढ्यानं तिचे सहा महिने वाचतात. आणि दाखला एक नका देऊ, आठ-दहा प्रती द्या, प्रत्येक ठिकाणी ओरिजिनल मागतात.

दुसरं, नोंद करतानाच चार प्रश्न विचारा. कामाला कुठं होता, पगारातून पीएफ कापत होते का, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी होती का, कर्ज कुणाकुणाचं होतं. एवढ्यावर निम्मं काम होतं. कारण तिला हे माहीत नसतं, तो कधी बोललेलाच नसतो. पगार किती हेच ज्या बाईला नीट माहीत नव्हतं तिला पीएफ खात्याचा यूएएन नंबर कुठून माहीत असणार.

पीएफचं जरा सविस्तर सांगते कारण एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टरकडं लागलेली पोरं आता गावोगाव आहेत. लोकांना वाटतं पीएफ म्हणजे साठलेले पैसे, ते काढले की झालं. तसं नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक साठलेली रक्कम. दुसरी विधवा पेन्शन, आणि त्याला दहा वर्षं नोकरी वगैरे अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी ती मिळते, महिन्याला कमीत कमी १००० रुपये, वर दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के, वय २५ होईपर्यंत. हजार रुपयात आज काय येतं ते मला विचारू नका, पण हक्काचे आहेत आणि दर महिन्याला येतात. तिसरी गोष्ट ईडीएलआय म्हणजे नोकरीशी जोडलेला विमा, जास्तीत जास्त ७ लाख, आणि ह्याचं तर नाव पण कुणाला माहीत नसतं कारण पगारातून काही कापत नाहीत, मालक भरतो. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर घरी येऊन पन्नास हजार देऊन जातो, सगळे म्हणतात मालक चांगला माणूस, आणि फॉर्मवर सही करायला मात्र त्याच्याच मागं फिरावं लागतं. पन्नास हजार घ्या, नाही कशाला म्हणायचं, पण फॉर्म पण भरा.

बांधकाम कामगारांचं तर वेगळंच. भांड्यांचा सेट मिळतो म्हणून आख्ख्या गावानं नोंदणी केली, रांगा लावल्या, तुमच्याकडूनच दाखले नेले. त्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख आणि विधवेला वर्षाला २४ हजार असे पाच वर्षं मिळतात हे किती जणांना माहितीये? नोंदणी चालू ठेवलेली पाहिजे मात्र. भांडी मिळाल्यावर नूतनीकरण करायला कोण जातंय.

आणि शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, २ लाख. साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला, मोटर चालू करताना शॉक बसला, सगळं त्यात येतं. सातबारावर नाव नसलेला घरातला एक माणूसही धरतात. पण इथं पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम लागतं बऱ्याच वेळा, आणि गावात काय होतं तर "आता त्याला कशाला कापायचं" म्हणून सगळे मिळून रात्रीतच उरकून टाकतात. भावना समजते हो. पण तिथं उभ्या असलेल्या शंभर माणसांत एकानं तरी म्हणायला पाहिजे की थांबा, पोलीस पाटलाला बोलवा, मागं हिची दोन पोरं आहेत. तो एक माणूस सरपंच असायला काय हरकत आहे?

आत्महत्या झालेल्या घरांबद्दल थोडंच लिहिते कारण तिथं लिहायला गेलं तर थांबता येत नाही. १ लाखाची मदत आहे, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत ठेव म्हणून. ही रक्कम कित्येक वर्षांपूर्वी ठरली ती तिथंच. आणि ते पण प्रकरण "पात्र" ठरलं तर. अपात्र ठरलं तर त्या बाईला नवरा गेल्याचं दुःख आणि वरून तो खरा शेतकरीच नव्हता असं सरकारी कागदावर वाचायचं.

आता जमीन. इथं मला तुमच्यावर थोडा राग आहे, स्पष्टच सांगते. बाकी सगळीकडं अज्ञान असतं, इथं मात्र गावातल्या सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि सगळे गप्प बसतात. हिंदू वारसा कायद्यात नवऱ्याच्या हिश्शात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई असे सगळे सारखे वाटेकरी, १९५६ पासून. सासरा त्या पहिल्या यादीत नाही, दीर तर लांबच राहिला. मुस्लिम घरात मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा, तोही ठरलेला. पण वारसाच्या अर्जात नावं कुणाची येतात? पोरांची येतात, लहान पोरांचा पालक म्हणून चुलत्याचं येतं, कुठंतरी अजून दिराचं "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून चालू असतं, बायकोचं नाव राहून जातं आणि मुलींचं तर विचारूच नका. आणि पंच म्हणून सही करणारे कोण, तर गावातलेच, तुम्ही-आम्ही. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम झाली, मयतांची नावं काढून वारसांची लावायची, चांगलं काम होतं, पण तिथंही वारस कोण हे शेवटी गावानेच सांगितलं ना.

मग येतं हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद. "तालुक्याला चल वहिनी, नुसती सही करायचीय, नाव कमी-जास्त करायचंय." रजिस्टर ऑफिसात उभी करतात, फोटो काढतात, अंगठा घेतात, येताना वडापाव खाऊ घालतात. संपलं. मला विचाराल तर नवरा गेल्यावर पहिलं वर्षभर तरी कुठल्याही बाईनं कुठल्याच कागदावर सही करू नये जो तिच्या बाजूच्या माणसानं मोठ्यानं वाचून दाखवला नाही. कायद्यानं असा वर्षाचा नियम नाही, हा माझा नियम आहे. पण ग्रामसभा असं म्हणू शकते. तुमच्या म्हणण्याला गावात वजन असतं.

दुसऱ्या लग्नाची भीती घालतात ती पण खोटी. नवऱ्याची वारस म्हणून जे तिच्या वाट्याला आलं ते पुन्हा लग्न केलं म्हणून परत जात नाही. उलट पीएफची विधवा पेन्शन मात्र लग्न केलं की थांबते. म्हणजे जिथं जात नाही तिथं जातं म्हणून सांगतात आणि जिथं जातं तिथं कुणी काही सांगत नाही.

गंमत म्हणजे कर्ज तिला लगेच शोधत येतं. सोसायटीचा सचिव, पतसंस्थेचा वसुलीवाला, हप्तेवाल्या पोरांची मोटरसायकल, सगळ्यांना घर सापडतं. वारसाला कर्ज लागतं ते जेवढी मालमत्ता वारशानं मिळाली तेवढ्यापुरतंच, तिनं स्वतः जामीन किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. हे तिला सांगा. आणि अजून एक, मायक्रोफायनान्सच्या गटकर्जात बऱ्याच ठिकाणी कर्ज देतानाच बाईचा आणि तिच्या नवऱ्याचाही विमा कापून घेतलेला असतो. नवरा गेला की उरलेलं कर्ज त्या विम्यातून मिटायला पाहिजे. पण सेंटर मीटिंगला बाकीच्या बाया "तू नाही भरलंस तर आम्हाला भरावं लागेल" म्हणतात आणि ही सुतकात पण हप्ता भरते. कर्जाचं कार्ड काढून बघा, विम्याचा आकडा वेगळा लिहिलेला असतो.

सरकारी पेन्शनचं म्हणाल तर संजय गांधी निराधार योजना, महिन्याला १५०० रुपये, आणि त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. २१ हजार! महिन्याला १७५० रुपये पडतात. अडीचशे रुपये रोजानं खुरपायला गेली तर ८४ दिवसांत ती श्रीमंत होते. त्यामुळं उत्पन्नाचा दाखला काढणारी, देणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा, सगळ्यांना माहीत असतं की आकडा खरा नाही आणि तरी सगळे मान हलवतात, आणि मग ज्याच्या हातात दाखला असतो त्याच्यापुढं तिला जन्मभर वाकून राहावं लागतं. तिकडं लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाख. एकाच सरकारची दोन काउंटर. आणि दोन्ही मिळून घेता येत नाहीत, १५०० एकीकडून घेतले की दुसरीकडून नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत तर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, ज्यांचे दोघंही वर गेलेत त्यांनी काय करायचं हे नंतर सुचलं, मग अंगणवाडी सेविकेकडं मृत्यूचा दाखला द्या म्हणाले. त्या दिवसांत माझ्या टेबलापुढं ज्या बाया येऊन उभ्या राहिल्या त्यांच्या हातातला दाखला घडी घालून घालून फाटायला आलेला होता. म्हणून म्हणते जास्त प्रती द्या.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार आहेत. आणि मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना, एका मुलाला महिन्याला २२५०. ही योजना फक्त अनाथांसाठी नाही, बाप गेलेल्या पोरांना पण आहे. कोरोनात हेरंब कुलकर्णींच्या एकल महिला समितीनं तालुक्या-तालुक्यात हे फॉर्म भरून घेतले तेव्हा कुठं लोकांना नाव माहीत झालं. कोरोना गेला आणि गावं परत विसरली, जणू बाप फक्त कोरोनातच मरतात.

बँकेबद्दल पण बोलते, माझंच घर आहे ते, तरी. नॉमिनी असेल तर वारस दाखला, कोर्ट काही लागत नाही, १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन नियम काढलेत, ३१ मार्च २०२६ पर्यंत सगळ्यांनी लागू करायचे. त्यात नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोप्या कागदांवर काम व्हायला पाहिजे, आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर वर व्याज द्यायचं. काउंटरवरचा कुणी "कोर्टातून आणा" म्हणाला तर त्याला हे दाखवा, बिनधास्त. पण गावातला खरा पैसा बँकेत कुठं असतो, पतसंस्थेत असतो, आणि पतसंस्थेला ना हे नियम लागू ना ५ लाखांचा ठेव विमा. पतसंस्थेचे चेअरमन मात्र तुमच्याच गावचे, ग्रामसभेत तुमच्या शेजारी बसतात. त्यांना तिथंच विचारा की नॉमिनी भरून घेतलेत का.

नॉमिनीवरून अजून एक घोळ. नॉमिनी म्हणजे मालक असं समजून भावाभावांत, सासू-सुनेत डोकी फुटतात. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर-म्युच्युअल फंडांच्या बाबतीत परत स्पष्ट सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा (ती केस आपल्या कालनिर्णयवाल्या साळगावकरांच्या घरची होती, म्हणजे शिकल्या-सवरलेल्या घरातही हे प्रश्न सुटलेले नसतात). विम्यात बायको-मुलं-आईवडील नॉमिनी असतील तर २०१५ पासून थोडं वेगळं आहे, पैसे त्यांचेच. पण लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून आईचंच नाव असेल तर सूनबाईनं कुणाकडं बघायचं? त्यामुळं लग्न झाल्याबरोबर नॉमिनी बदलायचा. पीएफमध्ये तर लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर चालतच नाही, नवीन भरावं लागतं. विवाह नोंदणी पण तुमच्याकडंच होते ना? तिथंच सांगा जोडप्याला. शुभ कामात अशुभ कशाला बोलायचं म्हणतील, म्हणू दे.

पैसे आल्यावर काय करायचं हा पण प्रश्न असतो. दोन लाख आले की आठ दिवसांत गावाला कळतं, कसं कळतं देव जाणे. दिराला ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट, भावाला बोअर मारायचंय, कुणी दामदुप्पटवाला, कुणी विमा एजंट जो "ताई दरवर्षी पन्नास हजार भरा" म्हणून पॉलिसी गळ्यात मारतो, तिला विम्याची नाही महिन्याच्या पैशाची गरज असते हे त्याला चांगलं माहीत असतं. मी बायांना सांगते की सहा महिने काही करू नका, साधी मुदत ठेव करून विसरून जा, आणि विचारलं तर सांगा पैसे अडकलेत. नंतर पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका, सध्या ७.४ टक्के आहे, दोन लाखावर महिन्याला १२३३ रुपये येतात आणि मुद्दल पाच वर्षांनी जसंच्या तसं. फार नाही. पण गॅस आणि लाइट बिल निघतं आणि कुणापुढं हात पसरावा लागत नाही. आणि "मला साहेबांनी पैसे काढू नका म्हणून सांगितलंय" असं एक वाक्य तिला पाठ करून द्या, नातेवाइकांना नाही म्हणणं जड जातं, साहेबावर ढकलता येतं.

हे सगळं ग्रामपंचायतीनं कसं करायचं, आमच्याकडं माणूस कुठंय, पैसे कुठंयत, असं तुम्ही म्हणणार. माणूस आहे. गावात उमेदची सीआरपी (बचत गटांचं काम बघणारी बाई) आहे, बँक सखी आहे, आशा आहे, अंगणवाडी ताई आहे, पोस्टमन आहे, यातली एक बाई तिच्यासोबत तालुक्याला चार वेळा गेली तरी पुरे, तिचा दिवसाचा रोज आणि एसटीचं भाडं (अर्धं तिकीट आहेच) द्या. पैसे पण आहेत. स्वनिधीतला १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्यातून दरवर्षी तेच हळदीकुंकू आणि त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेण्यापेक्षा झेरॉक्स, नोटरी, प्रवास यावर घाला. हळदीकुंकवाला विरोध नाही, आता विधवांनाही बोलावताय तर अजूनच चांगलं, पण वाणात स्टीलचा डबा देण्यापेक्षा नवऱ्याच्या पासबुकाची एकदा तपासणी करून द्या.

एक गोष्ट मात्र कुणी मरायच्या आधी करायची आहे आणि ती पूर्ण तुमच्या हातात आहे, तहसीलदार नको की कलेक्टर नको. घराचा नमुना ८, म्हणजे पंचायतीच्या रजिस्टरातली घराची नोंद. सरकारनं २००३ मध्येच सांगून ठेवलंय की घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावा. त्याच्याही आधी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली होती, शेतकऱ्यांनी आपणहून बायकोचं नाव सातबारावर लावलं होतं, कितीतरी गावांनी ढोल वाजवून केलं होतं. आता रजिस्टर उघडून बघा, तुमच्या गावात दोघांच्या नावावर किती घरं आहेत. खुद्द मेंबरांच्या घरापासून बघा. ठराव करणाऱ्याच्या स्वतःच्या नमुना ८ वर बायकोचं नाव नसेल तर गावातल्या बाया काय समजायचं ते समजतात.

तर ठरावाचा मसुदा मीच लिहून देते, तुम्ही भाषा सुधारून घ्या : "गावात कोणत्याही विवाहित व्यक्तीचा मृत्यू झाल्यास मृत्यूची नोंद आधार पाहून करण्यात यावी, मृत्यू दाखल्याच्या दहा प्रती पंचायतीच्या खर्चाने घरपोच देण्यात याव्यात, तेराव्याच्या आत पासबुक, पीएफ, विमा, कामगार नोंदणी व कर्जे यांची यादी नेमलेल्या महिलेनं घरी जाऊन करावी, मयताच्या पत्नीचं व मुलींचं नाव असल्याशिवाय वारस पंचनाम्यावर कोणत्याही पंचायत सदस्याने सही करू नये, आणि कोणाची किती प्रकरणे मंजूर झाली व किती अडली याचा हिशोब दर ग्रामसभेपुढे वाचण्यात यावा." सूचक आणि अनुमोदकाच्या जागा मोकळ्या सोडल्यात.

शेवटचं वाक्य वगळू नका, हिशोब वाचायचं. नाहीतर हा पण ठराव फ्रेम करून भिंतीला लागेल.

आणि हा विषय विषयपत्रिकेत आधीच छापून घ्या, महिला ग्रामसभेत पण ठेवा. "आयत्या वेळी येणारे विषय" यात ढकललात तर तोपर्यंत कोरम उठून गेलेला असतो, ते तुम्हाला पण माहितीये आणि मला पण.

तुमची,
एक बँक सखी